गजेंद्रभाऊंचा जोड

माझ्या तोंडाला लगाम नाही, हे बडोद्याच्या निम्म्या मकरपुऱ्याला ठाऊक आहे. बॅटरी चार दिवसांत बसली म्हणून कुणी तावातावाने दुकानात आला की मी त्याला असा काही झापते की तो पुढच्या वेळी पायरीखालीच चप्पल काढतो. "विजयमालाबेननुं मगज गरम छे," असं आजूबाजूचे म्हणतात, म्हणू देत. बाईमाणसाने कारखान्यांच्या वस्तीत दुकान चालवायचं तर जीभ तिखटच हवी, असं मी सोळा वर्षं स्वतःला सांगत आले. पण त्याच जिभेने मी एका भल्या माणसाचा स्वतःच्या हातांवरचा विश्वास घालवला, आणि नंतर खरं कळूनही मूग गिळून बसले. ते सगळं आज सांगून टाकते.

माणसाचं नाव गजेंद्र. मी त्यांना गजेंद्रभाऊ म्हणते. वडील साताऱ्याकडून आलेले, प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते. गजेंद्रभाऊ इथल्याच एका कारखान्यात मोटारींचे सेल्फ, म्हणजे स्टार्टर, बांधायचे. कारखान्याला कुलूप लागलं तेव्हा माझ्या मिस्टरांनी, धनाजीरावांनी, त्यांना आमच्या बॅटरीच्या दुकानात आणलं. बारीक अंगाचा माणूस. चौकड्याचा शर्ट, खिशात टेस्टर, आणि पँटला अ‍ॅसिडने पडलेली बारीक बारीक भोकं. एक पँट धड असेल तर शपथ! त्यांच्या बायकोने, मंदाने, लग्नातला सूट कपाटात कुलूप लावून ठेवलाय, हा माणूस तोही घालून बॅटरीजवळ जाईल म्हणून.

बोलणं अगदी मोजकं. काहीही विचारा, पहिला शब्द "बघू." तारेचा जोड घातला की तो दोनदा ओढून बघणार, एकदा अलगद, एकदा जोर लावून. गिऱ्हाईक घाई करत असलं तरी इंजिन अर्धा तास चालवल्याशिवाय "झालं" म्हणायचे नाहीत. "तापू द्या वहिनी. थंड असताना सगळंच बरं चालतं." मला त्या अर्ध्या तासाचा राग यायचा. मी घड्याळ बघत फणफणायची आणि ते शांतपणे तंबाखू मळत बसायचे.

धनाजीराव गेले तेव्हा मला बॅटरीचं प्लस कुठलं आणि मायनस कुठलं हेही कळत नव्हतं. दीर म्हणाले, दुकान विकून टाका.  गजेंद्रभाऊंनी दुसऱ्या दिवशी एक जुनी बॅटरी टेबलावर ठेवली, माझ्या हातात मीटर दिलं आणि म्हणाले, "लावा." सहा महिन्यांत मी चार्जिंगचा घोटाळा ओळखायला शिकले. पहिलाच दसरा आला. आमच्या दुकानाची रीत अशी की वर्षभरातलं मोठं काम ज्या मशीनवर झालं, तिथे दसऱ्याला मालकाने जाऊन पूजा करायची आणि नारळ फोडायचा. विधवा बाईने नारळ फोडायचा का, यावर घरात कुजबुज सुरू झाली. गजेंद्रभाऊंनी नारळ सरळ माझ्या हातात दिला. "मालक तुम्ही. तुम्हीच फोडायचा." तेव्हापासून दरवर्षी मी नारळ फोडते, आणि ज्यांना बोलायचं त्यांना ऐकू जाईल इतक्या जोरात फोडते.

मागच्या नवरात्रात चांदोदच्या प्रतापसिंहचं काम आलं. नर्मदेच्या घाटावरून तो यात्रेकरूंना संगमावर नेतो. पूर्वी त्याची वल्ह्यांची नाव होती, आता डिझेल इंजिनाची बोट आहे. त्याला नवी बॅटरी हवी होती आणि नवा अल्टरनेटर, म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी भरत राहणारं यंत्र. बोटीत इंजिन त्या बॅटरीवर सुरू होतं, भोंगा तिच्यावर वाजतो, आणि तळाशी झिरपलेलं पाणी उपसायचा पंपही तिच्यावरच चालतो. म्हणजे बॅटरी बसली की बोट नुसतं लाकडाचं खोकं. गजेंद्रभाऊ दोन दिवस चांदोदला राहिले. सगळ्या तारा नव्या ओढल्या, अर्धा तास सोडून पूर्ण एक तास इंजिन चालवलं, मीटरवर चौदाच्या वर व्होल्ट बघितले, मग आले.

दसऱ्याला गजेंद्रभाऊ घरी हत्यारांची पूजा करतात, म्हणून बोटीच्या पूजेला मी एकटीच गेले. झेंडूची माळ घातली, हळदकुंकू वाहिलं. नारळ फोडायला दगड हवा, तर बोटीत कुठला दगड? खाली उतरून घाटावर फोडायचा, पण एवढे नावाडी बघतायत आणि मी खाली-वर करत बसू? बोट हलत होती. समोर इंजिनाच्या अंगावर एक जाड बोल्ट दिसला. त्याच्यावरच हाणला. एका फटक्यात दोन शकलं! सगळे "वाह बेन!" म्हणाले. नारळाचं पाणी त्या बोल्टवरून खाली ओघळलं. मी पदराने वरवर पुसलं, वर कुंकवाचं बोट टेकवलं, आणि प्रसाद वाटून ऐटीत घरी आले. तो बोल्ट अर्थिंगचा होता. बॅटरीची काळी तार त्याच बोल्टाखाली इंजिनाला जोडलेली होती. सोळा वर्षं या धंद्यात आहे मी, पण त्या वेळी मला बोल्ट दिसला नाही, फक्त बघणारी माणसं दिसली.

दिवाळी झाली आणि प्रतापसिंहचा फोन आला. बॅटरी भरत नाही. सकाळी चांगली असते, चार फेऱ्या झाल्या की मरते. गजेंद्रभाऊ गेले. सकाळची वेळ, इंजिन गार. मीटरवर सगळं बरोबर. त्यांना तासभर चालवून बघायचं होतं, पण यात्रेकरू खोळंबले होते, प्रतापसिंहने बोट सोडली. भाऊ परत येऊन मला म्हणाले, "वहिनी, माझं समाधान नाही झालं. एकदा पूर्ण दिवस द्या, तापल्यावर बघतो." मी म्हटलं, "दुकानात चार गाड्या उभ्या आहेत, तुम्हाला पिकनिकला पाठवू का?"

कार्तिकी पौर्णिमेला चांदोदला माणसांचा पूर असतो. प्रतापसिंहने वीसेक माणसं घेऊन संगमावर बोट थांबवली, स्नानं झाली, आणि परत निघताना इंजिन घुर्रही करेना. पंप बंद. तळाशी घोट्याएवढं पाणी आलं. म्हाताऱ्या बायकांनी आरडाओरडा केला. शेवटी दुसऱ्या बोटीने दोर बांधून सगळ्यांना किनाऱ्याला आणलं. कुणाला काही झालं नाही, देवाची कृपा. पण घाटावर प्रतापसिंहची जी शोभा झाली, ती त्याने फोनवर माझ्या कानात ओतली. मी आणि गजेंद्रभाऊ तासाभरात तिथे पोचलो.

मी उतरले तीच तापलेली. घाटावर पन्नास माणसं, त्यात सगळे नावाडी. गजेंद्रभाऊ खाली वाकून झाकण काढत होते, हातात मीटर. त्यांचा हात थोडा कापत होता. चौसष्टाचं वय, सकाळपासून दुकानात कामाला जुंपलेले, वर हा गोंधळ. कापेल नाही तर काय? पण मी म्हटलं, म्हणजे ओरडलेच, "राहू द्या भाऊ! हात बघा तुमचे कसे थरथरतात. दिसतंय का तरी काही? जोड ढिला ठेवलात आणि माझ्या दुकानाचं नाक कापलंत! वीस माणसं बुडाली असती आज!"

ते म्हणाले, "वहिनी, एकदा बघू द्या. अर्थिंग बघतो."

"मीटर खाली ठेवा," मी म्हटलं. "ठेवा म्हणते ना!"

त्यांनी मीटर फळीवर ठेवलं.  पायऱ्या चढून वर गेले आणि एकटेच बसने बडोद्याला परतले. दुसऱ्या दिवशी दुकानाची किल्ली मंदाच्या हाती पाठवून दिली. मला वाटलं, चार दिवस रुसतील आणि येतील.

मी दुसऱ्या एका मेकॅनिकला चांदोदला पाठवलं. त्याने बॅटरी बदलली, अल्टरनेटरचा पट्टा घट्ट केला, निघाला. दोन दिवसांनी पुन्हा तेच. मग मीच गेले. बोट घाटाला बांधून इंजिन चालू ठेवलं आणि मीटर धरून बसले. वीस मिनिटं सगळं ठीक. चाळीस मिनिटांनी इंजिन चांगलं तापलं, आणि बॅटरीवरचे व्होल्ट उतरायला लागले. चौदा, तेरा, बारा. अल्टरनेटरवर मात्र चौदा कायम. म्हणजे यंत्र देत होतं, बॅटरीपर्यंत पोचत नव्हतं. मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरी इंजिनाच्या अंगावर टेकवली. तिथे शून्य दिसायला हवं. दोन व्होल्ट दिसले. घोटाळा अर्थिंगमध्येच होता. गजेंद्रभाऊ नेमकं तेच बघायला वाकले होते.

काळी तार ओढून बघितली. हलली नाही. जोर लावून ओढली, तरी नाही. मग पान्याने बोल्ट सोडवला. वायसर उचलल्यावर खाली चिकट, तपकिरी खरड निघाली, कडेने हिरवी बुरशी धरलेली, आणि तिच्यात लालसर रंग. नखाने खरवडलं तर एक धागा हाताला लागला. नारळाच्या शेंडीचा.

 कुंकू माझं, नारळ माझा, फटका माझा. गोड पाणी आत मुरून महिनाभरात तांब्याला खाऊन गेलं होतं. गार असताना कसंबसं टेकत होतं, तापलं की सुटत होतं. भाऊंचा जोड जसाच्या तसा घट्ट होता. मी सगळं घासून साफ केलं, बोल्ट आवळला, तासभर इंजिन चालवलं. चौदा पॉइंट एक. काटा हलला नाही.

प्रतापसिंह घाटावर चहा पीत होता. त्याने विचारलं, "शुं हतुं बेन?" काय होतं? चारपाच नावाडीही जवळ येऊन उभे. आणि मी, विजयमाला, जी जगाला तोंडावर खरं सुनावते म्हणून मिरवते, तीच मी म्हणाले, "काही नाही. जोड ढिला राहिला होता."

एवढं वाक्य. पन्नास माणसांसमोर ज्याला बोल लावला, त्याच्या कपाळी ते मी स्वतःच्या हाताने पक्कं केलं. शेंडीचा तो धागा मी नदीत टाकला. टाकताना आजूबाजूला कुणी बघत नाही ना, हेसुद्धा बघितलं. लाज नाही वाटली मला, त्या क्षणी तरी नाही. लाज बसमध्ये वाटली, वाटेतलं डभोई येईपर्यंत.

मग सुरू झाले माझे बहाणे. उद्या जाते मांजलपूरला, त्यांच्या घरी. उद्या नको, परवा लग्नाला जायचंय. परवा नको, त्यांचा राग शांत होऊ दे. फोन उचलायची आणि ठेवून द्यायची. खरं सांगते, मला भाऊंची भीती वाटत नव्हती. ते ओरडणार नाहीत हे मला माहीत होतं. त्यांनी शांतपणे माझ्याकडे बघितलं तर मी कुठे तोंड लपवणार, याची भीती होती. दुकानात त्यांच्या जागी नवीन माणूस ठेवला. तो अर्धा तास इंजिन चालवत नसे. पाच मिनिटांत "झालं" म्हणायचा, आणि गाड्या परत यायच्या. डिसेंबर गेला. उत्तरायणाचे पतंग उडाले, तिळगूळ झाला. दरवर्षी तिळगुळाला गजेंद्रभाऊ आणि मंदा यायचे. या वर्षी आले नाहीत. मीही गेले नाही.

फेब्रुवारीत खंडेराव मार्केटमध्ये मंदा भेटली. मेथीच्या जुड्या निवडत होती. मला वाटलं, तोंड फिरवेल. तिने उलट माझा हात धरला.

"ताई, रागावू नका हो आमच्यावर," ती म्हणाली. "यांच्यामुळे तुमचं नाव खराब झालं. हे रोज बोलतात तसं. म्हणतात, एवढी वर्षं ज्यांचं मीठ खाल्लं त्यांनाच मी खाली बघायला लावलं."

 ती आपली सांगतच होती. "डोळ्यांचं ऑपरेशन करून घेतलं जानेवारीत. डॉक्टर म्हणत होते, मोतीबिंदू पिकला नाही अजून, थांबा वर्षभर. हे ऐकेचनात. म्हणाले, मला जोड ढिला दिसला नाही म्हणजे डोळेच गेले असणार. आता घरातल्या बल्बलासुद्धा हात लावत नाहीत. उद्या गल्लीतल्या पीयूषला बोलावलंय स्विचबोर्ड दुरुस्त करायला. आमच्या घरात बाहेरचा माणूस! सांगा तुम्हीच."

मेथी तिथेच टाकून मी बाहेर आले. मला माझीच शिसारी आली. रात्र कशी गेली ते विचारू नका.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी नऊलाच मी मांजलपूरला त्यांच्या दारात उभी. दार उघडंच होतं. पीयूष स्टुलावर चढून स्विचबोर्ड उघडून बसला होता. खाली गजेंद्रभाऊ काळा चष्मा लावून टॉर्च धरून उभे. पीयूषने एक तार स्क्रूखाली नुसती सरकवली आणि पुढची घेतली. मला दारातून दिसलं की ती बसलेली नाही. भाऊंनाही दिसलं. त्यांचा हात वर गेला, अर्ध्यात थांबला, आणि खाली आला. 

"या वहिनी," मला बघून म्हणाले. "मंदा, चहा टाक."

मी बसलेच नाही. बसले असते तर पुन्हा काहीतरी बहाणा सापडला असता. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. दसरा, नारळ, बोल्ट, दोन व्होल्ट, शेंडीचा धागा. नावाड्यांसमोर बोललेलं खोटंही सांगितलं. मंदा चहाचं पातेलं तसंच ठेवून दाराशी आली. पीयूषचे हात थांबले.

गजेंद्रभाऊंनी चष्मा काढला. पहिला प्रश्न विचारला तो कामाचा. "अर्थिंगला दोन पडत होते?"

"दोन."

"तापल्यावर?"

"हो. चाळीस मिनिटांनी."

"आणि माझा जोड? पिळला होता की निसटला होता?"

"जागच्या जागी होता, भाऊ. ओढला, जोराने ओढला. हलला नाही."

 भाऊ मान वळवून म्हणाले, "मंदा, ऐकलंस का? हलला नाही म्हणतायत." मंदाने पदर तोंडाला लावला.

मला वाटलं, सुटले. काय मूर्ख बाई मी! भाऊंनी हळूच विचारलं, "कधी कळलं तुम्हाला?"

"पौर्णिमा झाली, त्याच्या पुढच्या आठवड्यात."

बोटांवर त्यांनी महिने मोजले. "म्हणजे डोळ्यांच्या आधी."

"हो," मी म्हटलं. "लाज वाटत होती मला, भाऊ. म्हणून आले नाही. दुसरं काही कारण नाही." मला रडू फुटलं. रडत रडतच फोन काढला. "थांबा, आत्ता सांगते प्रतापसिंहला. तुमच्या समोर सांगते." स्पीकर लावला आणि प्रतापसिंहला एका दमात सगळं सांगितलं, जोड गजेंद्रभाऊंचा घट्ट होता, घोटाळा माझ्या नारळाचा होता, मी खोटं बोलले. पलीकडे इंजिनाची धडधड ऐकू येत होती. तो मोठ्याने हसला.

"अरे बेन, एमां शुं? हुं तो भूलीयें गयो! बोट सरस चाले छे. काकाने मारा जय श्रीकृष्ण कहेजो." मी तर विसरूनही गेलो, म्हणाला, बोट झकास चालते आहे, काकांना नमस्कार सांगा. आणि फोन ठेवून दिला.

मी डोळे पुसत म्हटलं, "बघा भाऊ, त्याच्या मनात काहीसुद्धा नाही. तो विसरलादेखील. उद्यापासून या ना दुकानात."

गजेंद्रभाऊंनी टॉर्च बंद करून टेबलावर ठेवला. आवाज चढवला नाही, माझ्याकडे सरळ बघितलं.

"तुमची लाज तीन महिने मी वागवली, वहिनी," ते म्हणाले. "आता ती तेवढी घेऊन जा."